मातीशिवाय भाजी : सोसायटीतल्या मुलांना नीट कसं शिकवू? (ऐरोली)

ऐरोलीची आई

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय. मागच्या वेळी अर्धवट माहितीवर सुरुवात केली आणि मुलांचा हिरमोड झाला. तो पुन्हा व्हायला नको आहे.

आमच्या सोसायटीत खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. गच्चीवर वॉटरप्रूफिंग केलंय म्हणून मातीच्या कुंड्या ठेवायला बंदी. मुलं सोळा, वय सात ते तेरा. जुलैत मी हौसेने हायड्रोपोनिक्सचं (मातीऐवजी खताच्या पाण्यात रोपं वाढवायचं) एक तयार किट आणलं. लेट्यूसचं बी, स्पंजचे तुकडे, खताच्या दोन पुड्या आणि एक कागद, ज्यावर जवळजवळ काहीच समजावून सांगितलेलं नव्हतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कापून वरचा भाग उलटा बसवला. बाटल्यांना काही गुंडाळलं नाही, कारण मुलांना मुळं वाढताना दिसावीत अशी माझी इच्छा होती. दहा दिवसांत पाणी हिरवं झालं. तिसऱ्या आठवड्यात मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होऊन वास मारायला लागली. मग डासांच्या अळ्या तपासायला येणाऱ्या ताई आल्या. त्यांनी एक बाटली उजेडासमोर धरून दाखवली, आत अळ्या वळवळत होत्या. बारापैकी चार बाटल्यांत निघाल्या. सगळं तिथल्या तिथे ओतून टाकलं. त्यांचं बरोबरच होतं, आमच्या इमारतीत त्याच महिन्यात दोघांना डेंगी झाला होता.

बाटल्या धुताना तिसरीतला एक मुलगा शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "काकू, झाडाला माती लागतच नाही, तर मग सगळे शेतकरी मातीत का पेरतात?" मला उत्तर सुचलं नाही. "नंतर सांगते हं" म्हणाले. तो अजून लिफ्टमध्ये भेटला की आठवण करून देतो.

दिवाळीनंतर पुन्हा सुरू करायचं आहे. पूर्वेला तोंड असलेला एक लांब पॅसेज आहे, तिथे सकाळी साडेअकरापर्यंत ऊन येतं. कमिटीने "डास झाले तर बंद" या अटीवर परवानगी दिली आहे. मला विचारायचंय ते असं : कुठली भाजी लावू? नळाचं पाणी चालेल का? खत मुलांच्या हातात द्यावं का? आणि त्या मुलाला काय सांगू? खरं सांगायचं तर हा शेवटचा प्रश्नच मला जास्त छळतो आहे.

खारघरचा बाबा

ताई, मोडांपासून सुरुवात करा. आम्ही मुलीच्या वर्गासाठी केलं होतं. रात्रभर भिजवलेली मेथी ओल्या टिश्यू पेपरवर पसरायची, वर ताट झाकायचं, दोन दिवसांनी ताट काढून उजेडात ठेवायचं. आठवड्याभरात कात्रीने कापून कोशिंबिरीत. खत नाही, साठलेलं पाणी नाही, डास नाहीत. लहान मुलांना एवढी वाट बघवते. मोठ्या मुलांना भाज्या लावायच्या असतील तर कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ नावाचं (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) विद्राव्य खत मिळतं, ते पाण्यात टाका. स्वस्त आणि मस्त.

कोपरीच्या बाई

ऐरोलीच्या ताई,

मी एकतीस वर्षं ठाण्यात पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवलं. आता निवृत्त होऊन कोपरीला असते. खिडकीच्या ग्रिलमध्ये सात-आठ डबे कायम चालू असतात. तुमच्या यादीत तिसरीतल्या मुलाचा प्रश्न शेवटी आलाय, मी तो आधी घेते. मातीशिवाय भाजी जादूसारखी दाखवली तर दोन दिवस टाळ्या मिळतील. पण माती काय काय करत होती, ते एकेक काम मुलांना स्वतःच्या हाताने करायला लावा. त्यात त्यांना जे कळतं ते कुठल्याही धड्यात कळत नाही, हे मी वर्गात दरवर्षी पाहिलंय.

पहिल्या दिवशी काही पेरू नका, गोष्ट सांगा. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या बाजूला यान बाप्टिस्ट फान हेल्मॉन्ट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी २०० पौंड माती भट्टीत वाळवून मोठ्या कुंडीत भरली. त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं पाणी घालण्यापलीकडे काही केलं नाही. मग झाड उपटून तोललं, ते भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती जेमतेम दोन औंस, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. १६४ पौंड झाड आलं कुठून? इथे थांबा आणि मुलांना बोलू द्या. बहुतेक जण "पाण्यातून" म्हणतील. हेल्मॉन्टही तेच म्हणाले होते. झाडाच्या अंगाचा मोठा भाग हवेतून येतो, हे कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. आणि ते दोन औंस? हेल्मॉन्टनी ते सोडून दिले, पण तेच झाडाने मातीतून घेतलेले क्षार. ताई, तुमच्या किटमधली खताची पुडी म्हणजे तेच दोन औंस. मी हे वाक्य फळ्यावर लिहायची आणि त्याखाली रेघ मारायची.

यानंतर पुदिना. बाजारातून एक जुडी आणा. सारख्या जाडीच्या, सारख्या वजनाच्या काड्या निवडा, खालची पानं काढा. चार बाटल्या घ्या, सगळ्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळा, तोंडाशी कापूस. पहिलीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत मूठभर बागेतली माती ढवळून फडक्याने गाळलेलं, चौथीत खताचं. दर चौथ्या दिवशी चारही बाटल्यांचं पाणी बदलायचं. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर काड्या तोलायच्या. हा माझा शोध नाही. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्यावरच हे केलं होतं, १६९९ साली ते छापून आलं. पावसाच्या पाण्यात कमी वाढ, थेम्सच्या पाण्यात जास्त, आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात त्याहून पुष्कळ जास्त. आपल्या घरात आरओचं यंत्र आहे म्हणून आपल्याला पावसाची वाट बघावी लागत नाही. ज्या पाण्याला आपण सगळ्यांत शुद्ध म्हणतो त्यात पुदिना सगळ्यांत मागे राहतो, हे बघून मुलं खरोखर बुचकळ्यात पडतात. त्या क्षणी लगेच उत्तर देऊ नका.

खारघरच्या बाबांनी मेथीचं सांगितलंय ते लहानांसाठी उत्तम आहे. फक्त एक पदर जोडा. मोड आलेला वाल घ्या. एका दाण्याच्या दोन्ही डाळी राहू द्या, दुसऱ्याची एक डाळ अलगद काढा, तिसऱ्याच्या दोन्ही काढा. तिन्ही ओल्या कापसावर. मोडाने घरून डबा आणलेला असतो आणि तो संपेपर्यंतच त्याला बाहेरचं काही लागत नाही, हे त्या तीन दाण्यांत दिसतं. पहिलीतल्या मुलालाही दिसतं.

आता हवा. तुमची मुळं मेली ती मुख्यतः गुदमरून. मुळांनाही श्वास लागतो आणि पाण्यात विरघळलेली हवा फार थोडी असते. पाणी २० अंशांवर असेल तर लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. त्यात गरम पाण्यात मुळांची भूक वाढते आणि कुजवणारी बुरशीही जोर धरते. आपल्याकडे जुलैत रात्रीसुद्धा पाणी गार होत नाही. लेट्यूस थंड हवेचं पीक. दोष मुलांचा नव्हता, तुमचाही नव्हता, ऋतू चुकला होता.

हे समजवायला तुम्हाला लांब जायची गरजच नाही. मुलांना घेऊन तुमच्या ऐरोलीतल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा. ओहोटीची वेळ बघून जा. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात. खाडीच्या चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने मुळंच वर पाठवली. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला तेव्हा सगळे फ्लेमिंगोंबद्दल बोलत होते. मला मात्र वाटतं, ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या प्रत्येक मुलाने एकदा तरी त्या मुळांसमोर उकिडवं बसावं.

तिथून परत आलात की डबा लावा. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही रीत लोकांपुढे आणली. पंप नाही, वीज नाही. झाकणाला भोक, भोकात जाळीची छोटी कुंडी, कुंडीत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि रोप. सुरुवातीला पाणी कुंडीच्या बुडाला लागेल इतकं. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वर हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतली मुळं आखूड आणि केसाळ होतात, ती श्वास घेतात. खालची लांब मुळं पाणी पितात. पाणी कमी झालंय म्हणून कुणीतरी मायेने डबा पुन्हा काठोकाठ भरतं आणि रोप दोन दिवसांत माना टाकतं. माझ्या वर्गात हे प्रत्येक वर्षी एका तरी गटाकडून व्हायचं. होऊ द्या. त्या डब्याचं झाकण उचलून सगळ्यांना दाखवा, तिवराची मुळं आठवा म्हणावं.

डबा कुठला? मासळी बाजारातून थर्माकोलची पेटी मागून आणा. कोळीणबाई पाच-दहा रुपयांत देतात, कधी तशीच देतात. खाण्याच्या सोड्याने दोनदा धुवा, उन्हात वाळवा, आतून काळं जाड प्लास्टिक घाला. थर्माकोलमुळे पाणी तापत नाही, काळ्या प्लास्टिकमुळे उजेड आत जात नाही, म्हणून शेवाळ येत नाही. उजेड अडवला की अर्ध्या तक्रारी संपतात. मुळं बघायची असतील तर रविवारी झाकण उचलून बघायची, तेवढ्याने काही बिघडत नाही.

डासांचं फार गंभीरपणे घ्या. डेंगीचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. झाकण घट्ट, कुंडीभोवतीच्या फटीत कापूस किंवा स्पंज, आणि आठवड्यातून एक दिवस दोन मुलांची टॉर्च घेऊन तपासणी. तपासणीची वही ठेवा, कमिटीलाही दाखवता येईल.

आणि १९:१९:१९ वापरू नका. खारघरच्या बाबांनी रागावू नये. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. जमिनीत पडलेल्या युरियाचं रूपांतर मातीतले जिवाणू करतात, आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये. हे नायट्रेट मुळांना सहज घेता येतं. स्वच्छ डब्यात हे काम करायला पुरेसं कुणी नसतं. शिवाय त्या खतात कॅल्शियम नाही.

आता तिसरीतल्या मुलाला काय सांगाल? त्याला सांगा, "माती झाडाला धरून ठेवते, पाणी साठवते, मुळांना हवा देते, ते दोन औंस देते आणि तिच्या पोटात न दिसणारे कामकरी असतात. इथे हे सगळं आपण सोळा जण मिळून करतोय, तेही एका पेटीपुरतं. शेतकऱ्याच्या एक एकरात हे माती एकटी करते." आणि हेही सांगा की भात, ज्वारी, तूर, ज्यावर आपलं पोट भरतं ते अशा डब्यांत परवडत नाही. पालेभाजीला ही रीत छान आहे. मुलांना खरं सांगितलेलं आवडतं.

ऐरोलीची आई

बाई, हे मी दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. इतकी वर्षं इथे राहते, तिवराची मुळं रोज ऐरोली पुलावरून जाता-येता दिसतात. श्वास घेण्यासाठी ती वर येतात, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

खताबद्दल अजून थोडं सांगाल का? कुठलं, किती, आणि मुलांनी हात लावावा का? आमच्याकडे पालिकेचं पाणी मोरबे धरणाचं येतं, पण मे महिन्यात कधीतरी टँकरही येतो.

कोपरीच्या बाई

मोरबेचं पाणी चांगलं, क्षार कमी. बादलीत रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीनचा वास जातो, सकाळी वापरा. टँकरचं पाणी आधी मोजा. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाकडे टीडीएसची (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी) पेन असते ना, तीच. दोनेकशे रुपयांत मिळते, एक घेऊनच टाका. मुलांना आकडा वाचायला फार आवडतो. माझ्याकडे नळाचं पाणी ७० दाखवतं, आमच्या जुन्या बोअरचं ९०० च्या वर जायचं. तसल्या पाण्यात खत घालायला जागाच उरत नाही.

खत तीन प्रकारचं घ्या. हायड्रोपोनिक्ससाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांसह मिळणारं ४:१८:३८ मिश्रण, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. दहा लिटर पाण्याला अनुक्रमे ६, ६ आणि ३ ग्रॅम ही पूर्ण मात्रा. रोपं लहान असताना याच्या निम्मी. पेनवर सुरुवातीला ५०० ते ६०० आलं की पुरे. मोठ्या पालकाला ८०० पर्यंत चालतं. एकेक खत वेगळं विरघळवून भरपूर पाण्यात घाला, कॅल्शियम नायट्रेट सगळ्यांत शेवटी. घट्ट द्रावणं एकमेकांत कधीच मिसळू नका. का, ते मुलांना दाखवा : एका काचेच्या पेल्यात कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट पाणी, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेटचं. दोन्ही काचेसारखी स्वच्छ. एकत्र ओतलीत की पांढरं गढूळ, खाली चुन्यासारखा साका. तो जिप्सम, कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन झालेला. तो मुळांना मिळत नाही, तळाशी बसून राहतो.

मोठ्यांनी तोलायचं, हातमोजे घालून. मुलांनी ढवळायचं आणि मोजायचं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते : तयार केलेलं खताचं पाणी पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. दिसायला ते पाण्यासारखंच असतं. वेगळ्या रंगाचा कॅन, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, आणि कुलपात.

पाण्याची आम्लता (पीएच) ५.५ ते ६.५ असावी, ती तपासायची थेंबांची बाटली मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिळते. पालकाला फार काटेकोरपणा लागत नाही, त्यात अडकू नका. देशी पालक, माठ आणि पुदिना लावा. लेट्यूस डिसेंबरात एकाच पेटीत, मुलांची जुनी इच्छा म्हणून.

घणसोलीकर

बाई, नमस्कार. ताई, तुम्हालाही.

सुरुवातीला शीर्षक वाचून मी पुढे जाणार होतो. आम्ही इथले आगरी. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आमचीही शेतं होती. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "शेत गेला तरी हात जात नाय." त्यामुळे आता मुलांना मातीशिवाय शेती शिकवणार हे वाचून पोटात कालवलं. मग बाईंचं उत्तर वाचलं आणि लिहायला बसलो.

दोन गोष्टी माझ्याकडून जोडा. एक म्हणजे भात. बाईंनी मुळांच्या श्वासाचं सांगितलं. मग भाताची मुळं पावसाळाभर पाण्यात उभी असतात ती कशी गुदमरत नाहीत? आजोबा आवण खणताना रोपाचा दांडा चिमटीत दाबून दाखवायचे, आत पोकळ लागायचा. ते म्हणायचे, भात नाक वर ठेवून उभा असतो. पुढे कॉलेजात कळलं की भाताच्या खोडात आणि मुळांत खरोखर हवेच्या नळ्या असतात, पानांतून हवा खाली पोचते. आमची बरीच शेतं खाडीच्या बांधाला लागून होती. बांध फुटला की खारं पाणी शिरायचं आणि दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय पीक यायचं नाही. बोअरच्या पाण्याचा ९०० चा आकडा वाचला आणि मला तो बांध आठवला.

दुसरी समुद्र मेथी. भाजीवाल्याकडे त्या इवल्याशा जुड्या असतात ना, पांढऱ्या देठाच्या, मुळांसकट बांधलेल्या, वाळू लागलेल्या? ती किनाऱ्याच्या वाळूत वाढते. मुंबईच्या किनाऱ्यावर लोक हे किती पिढ्या करतायत. हायड्रोपोनिक्स म्हणजे परदेशातून आलेलं काहीतरी, असं मुलांना वाटू नये. दल सरोवरात तरंगते मळे आहेत, बांगलादेशात जलपर्णीच्या तरंगत्या वाफ्यांवर भाजी घेतात. ट्रेमध्ये धुतलेली वाळू तीन बोटं भरा आणि मेथी दाट पेरा. पंधरा-वीस दिवसांत उपटायला येते.

आणि ताई, एक विनंती. मुलांच्या हातात एकदा तरी खरी माती द्या. आमच्या घरामागे अजून अर्ध्या गुंठ्याचा तुकडा आहे, आई त्यात वाल आणि माठ लावते. बाटलीतल्या प्रयोगाला जी मूठभर माती लागणार आहे ती कुंडीच्या दुकानातून आणू नका, मुलांना घेऊन या. आई त्यांना माती हातावर चोळून बघायला शिकवेल. ती ओली असताना कशी वास देते, गांडूळ कुठे सापडतं, हे तिच्याकडून ऐकू द्या.

ऐरोलीची आई (सहा आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, आज वह्या समोर घेऊन बसलेय.

घणसोलीला आम्ही अकरा मुलं घेऊन गेलो. काकूंनी प्रत्येकाच्या तळहातावर माती ठेवली, थोडं पाणी शिंपडलं आणि "वळा लाडू" म्हणाल्या. लाडू झाला तर चिकण, फुटला तर रेती जास्त. मुलांनी मेथीच्या जुड्या बांधायलाही शिकून घेतलं, गवताच्या काडीने. परतताना चौथीतल्या एका मुलीने मातीचा लाडू रुमालात बांधून घरी आणला.

पुदिन्याचे आकडे असे. प्रत्येक काडी सुरुवातीला ६ ग्रॅम. तीन आठवड्यांनी आरओमधली ७, नळाची ८, मातीच्या पाण्यातली १०, खताच्या पाण्यातली १४. आरओच्या काडीची खालची पानं पिवळी पडली होती. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवस जिन्यात तेवढीच चर्चा होती. तिसऱ्या दिवशी सातवीतली एक जण म्हणाली, "आरओ त्या दोन औंसांतलंच काहीतरी काढून टाकतं." मी तिला जवळ घेतलं.

पालकाच्या पाच पेट्या लावल्या. एक गेली. शनिवारी कुणीतरी काठोकाठ भरली, सोमवारी सगळी रोपं आडवी. झाकण उचललं तर वरची केसाळ मुळं पाण्याखाली, लिबलिबीत. ज्या मुलाने भरली होती तो रडायला लागला. मी त्याला सांगितलं की बाईंच्या वर्गातही दरवर्षी एक पेटी जायची. आता प्रत्येक पेटीच्या आत मुलांनी तेलकट खडूने रेघ ओढली आहे, रेघेच्या वर पाणी घालायचं नाही. अळ्यांची तपासणी सहाही आठवडे झाली, सहाही वेळा वहीत "नाही". मागच्या आठवड्यात तपासायला त्याच ताई आल्या होत्या. त्यांनी वही वाचली आणि खाली स्वतःची सही केली.

तिसरीतल्या मुलाला मी तुमचं उत्तर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "ते कामकरी आपण पेटीत आणले तर?" मी म्हटलं, करून बघू. त्याने आपल्या बाटलीत काकूंच्या मातीचं दोन चमचे पाणी टाकलंय, शेजारच्या बाटलीत टाकलेलं नाही, आणि दोन्हींवर तारीख घातली आहे.

बाई, एक शेवटचं. पालक वीतभर झालाय. मुळापासून उपटायचा की पानं खुडायची?

कोपरीच्या बाई

उपटू नका. सकाळी ऊन चढायच्या आधी बाहेरची पानं देठासकट खुडा, मधली चार-पाच कोवळी ठेवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा खुडता येतील. पेटीत खताचं पाणी चार बोटं तरी आहे ना ते बघा, नसेल तर निम्म्या मात्रेचं घाला, रेघेच्या खालीच.

आणि त्या दोन बाटल्यांचं काय झालं ते मला नक्की कळवा. जमलं तर त्याला कोपरीला घेऊन या, माझ्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक आहे.